घरच्या दुकानातले पार्ट

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, गडचिरोलीत गाड्यांच्या पार्टचं दुकान चालवतात. दुकान अजून सुरू आहे आणि बरं चालतं, हे आधीच सांगून टाकते. मी हे लिहीत असताना काउंटरवर कुणी ना कुणी उभं असेल आणि भासरे त्याच्यापुढे चकचकीत खोका सरकवत असतील. हे डोळ्यांपुढे आलं की अजून माझं डोकं भणभणतं. लोक म्हणतात, झालं गेलं, आता सोडा. मला सोडवत नाही.

मी जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरीत नाही, स्वतःचं काम करते. माहेर सावलीजवळचं. तिथे आमची धानाची शेती, आणि वडिलांनी ट्रॅक्टर मला माझ्या भावाच्या आधी शिकवला, कारण भावाच्या हातात चाक आलं की तो ट्रॅक्टर बांधावर चढवायचा. त्यामुळे लग्न होऊन गडचिरोलीला आले तेव्हा गाडी चालवणं मला नवं नव्हतं. सासरच्यांना मात्र ते नवं होतं. नवरा कॉलेजात शिकवतो. गाडीत तो शेजारी बसतो आणि मोबाईल पाहतो. गाडी मी चालवते.

माझी बहुतेक गावं आलापल्लीच्या पलीकडची. थोडा डांबरी रस्ता, मग मुरूम, मग नाला, आणि नाल्यापलीकडे गाव. तिथल्या शेळ्या-गाईंपर्यंत साधी गाडी पोचत नाही. म्हणून मी जंगलकामाच्या एका ठेकेदाराकडून जुनी जीप घेतली. कापडी टप, मागे समोरासमोर दोन बाक, आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी, ज्याला इकडे सगळे फोर-बाय-फोर म्हणतात. साध्या रस्त्यावर तिची मागचीच दोन चाकं ओढतात. चिखलात किंवा नाल्यात गिअरच्या बाजूचा छोटा दांडा ओढला की पुढचीही ओढायला लागतात. पत्रा ठिकठिकाणी गंजला होता, पण इंजिन दणकट होतं. तिच्यावर माझा जीव होता.

जुन्या गाडीला पार्ट लागतातच. आणि घरात पार्टचं दुकान. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "घरचं दुकान असल्यावर बाहेरून काऊन आनाचं? मोठ्याले सांग, तो देते." मोठा म्हणजे भासरे. हा घरातला नियमच झाला. नागपूरहून काही मागवते म्हटलं असतं तर तो भासऱ्यांचा अपमान ठरला असता.

आधी एक ऑईल सील आणलं. एका पावसाळ्यातच ते गळायला लागलं. मग पुढच्या चाकाचं बेअरिंग आणलं. ते इतकं तापायचं की चाकाच्या टोपीला हात लावता येत नव्हता. दुकानात सांगायला गेले की भासरे हसायचे. काउंटरवर दोन-तीन ड्रायव्हर उभे असायचे, त्यांच्याकडे बघून म्हणायचे, "रस्ताच तसा आहे, पार्ट काय करन? अन् आमच्या डॉक्टरीणबाईच्या हाताखाली गाडी लय तापते." ड्रायव्हरही हसायचे. मग भासरे नवा खोका द्यायचे, अगदी घरच्या मायेनं, चहा सांगून.

मग क्रॉसचं सुरू झालं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब लोखंडी शाफ्ट जीपच्या पोटाखालून जातो. हा शाफ्ट दोन्ही टोकांना सांध्यात फिरतो, आणि त्या सांध्यात असतो तो क्रॉस. अधिकच्या चिन्हासारखा हातात मावणारा लोखंडी तुकडा. चारही टोकांना टोप्या, आणि टोप्यांमध्ये सुयांसारखे बारीक रूळ. एवढासा तुकडा, पण सगळी गाडी त्याच्या जिवावर चालते. माझ्या गाडीचा मागच्या शाफ्टचा पुढचा क्रॉस झिजला होता. गाडी हलवली की खालून टक् असा आवाज यायचा.

भासऱ्यांनी नवा दिला. मिस्त्रीने बसवला. थोड्याच दिवसांत पुन्हा टक्. मी परत दुकानात गेले.

"भाऊ, हा पार्ट बरोबर नाही," मी म्हटलं.

"कंपनीचा आहे. हे पाहा, स्टिकर आहे. कोड आहे, मोबाईलनं स्कॅन करून पाहा."

मी खरोखर स्कॅन केलं. मोबाईलवर एक पान उघडलं, आणि आपण अस्सल माल घेतल्याबद्दल अभिनंदन, असं त्यावर इंग्रजीत आलं. खोका सुरेख होता. कोपऱ्यावर उजेडात रंग बदलणारी चकती होती, आत तेलकट कागदात गुंडाळलेला क्रॉस होता. मी खोका परत ठेवला आणि भासऱ्यांकडे बघितलं. ते शांत होते. म्हणाले, "घरच्याले काय खोटं देईन मी?"

हे वाक्य मी विसरणार नाही.

तोही क्रॉस मिस्त्रीने बसवला. बसवताना त्याने तो तळहातावर घेऊन जरा तोलला, आणि काही न बोलता टोप्या ठोकायला घेतल्या. नंतर, सगळं होऊन गेल्यावर, मी त्याला विचारलं की तुला दिसत होतं ना. तो म्हणाला, "दिसत तर होतं मॅडम. पण तुमचंच घरचं दुकान. मी काय बोलू? अन् मले कोनी विचारलं नाई." त्याचाही मला राग आला. त्याचं अर्धं काम त्या दुकानातून येतं, हे मला माहीत आहे. तरी आला.

त्या वर्षी पाऊस सरला होता आणि धान लोंबीवर आलं होतं. सासूबाई आलापल्लीला माझ्या नणंदेकडे काही दिवस राहायला गेल्या होत्या. माझी त्या बाजूला फेरी होती, येताना त्यांना घेऊन यायचं ठरलं. सकाळी मी नणंदेच्या दारात गाडी उभी केली तर त्या पिशवी घेऊन तयारच होत्या. मी म्हटलं, आधी मला आतल्या एका गावाला शेळ्या बघायला जायचं आहे, तुम्ही इथेच थांबा, परतताना घेते. तर म्हणाल्या, "मी बी येतो. तिथी सीताफळं भेटते."

त्या मागच्या बाकावर बसल्या. पुढे त्या कधीच बसत नाहीत. आमच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक असतात, एकामागे एक, लाल धूळ उडवत. समोरून तसा ट्रक आला की त्यांचा जीव घाबरा होतो. मागे बसलं की तो दिसत नाही, एवढंच कारण.

गाव गाठलं. शेळ्यांचं काम झालं. सासूबाई गावातल्या बायांशी अर्धी मराठी, अर्धी खुणांची भाषा बोलत बसल्या होत्या, आणि त्यांनी टोपलीभर सीताफळं मिळवली होती. परत निघालो. नाल्यात मी छोटा दांडा ओढला, चारही चाकांवर गाडी पाण्यातून वर काढली, पलीकडे आल्यावर दांडा परत सोडला. पुढे सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना साग. ऊन चांगलं होतं. सासूबाई मागून सांगत होत्या की नणंदेची सासू कशी तिला भाजीत तेल मोजून देते. मी हसत होते.

आधी गाडी थरथरली. पाय ॲक्सिलरेटरवरून काढेपर्यंत खालून एक प्रचंड आवाज आला. कुणी जमिनीतून घण मारावा तसा. मग दुसरा, तिसरा, आणि मग ते ठोके मोजण्यापलीकडे गेले. क्रॉस तुटून शाफ्टचं पुढचं टोक सुटलं होतं. मागचं टोक चाकांना जोडलेलंच होतं, आणि चाकं फिरत होती, म्हणून तो शाफ्ट गाडीच्या पोटाखाली गरगर फिरत तळाला हाणत होता. मी ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेला घसरत जाऊन थांबली. त्याआधीच मागून सासूबाईंची एक किंकाळी ऐकू आली होती, आणि नंतर काहीच नाही.

मी मागे गेले. तळाचा पत्रा, तोच गंजलेला, वर उचकटून फाटला होता आणि शाफ्टचं टोक फटीतून दिसत होतं. सगळीकडे सीताफळं फुटली होती. सासूबाई बाकाला धरून होत्या, ओठ पांढरे पडले होते. त्यांचा उजवा पाय घोट्याच्या वर, जिथे वाकायला नको, तिथे वाकला होता.

"आई," मी म्हटलं.

"पाय गेला व माहा," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला वाकून ऐकावं लागलं.

मोबाईलला रेंज नव्हती. तिथे ती नसतेच. मी माणसांना हात लावत नाही, तो माझा धंदा नाही. पण वासरांच्या मोडलेल्या पायांना बांबूच्या खपच्या बांधलेल्या आहेत, आणि त्या माझ्या औषधांच्या पेटीत होत्या. हाड कातडीबाहेर आलं नव्हतं. मी पाय जसा होता तसाच ठेवला, दोन्ही बाजूंनी खपच्या लावल्या, बँडेज गुंडाळलं. त्यांनी माझ्या खांद्याला धरलं होतं. त्यांची नखं माझ्या ब्लाउजमधून आत गेली होती. त्या ओरडल्या नाहीत. मला वाटत होतं, ओरडावं त्यांनी.

मागून एक मोटारसायकल आली. त्याच गावचे दोघे जण आलापल्लीकडे चालले होते. त्यांनी न विचारता गाडी लावली, चाकांखाली दगड सरकवले. मी पाना घेतला आणि जीपखाली शिरले. शाफ्टचं मागचं टोक चार बोल्टांवर असतं. ते काढले की शाफ्ट अख्खा निघतो. मग छोटा दांडा ओढला की फक्त पुढच्या चाकांवर गाडी चालते. हे मला माहीत होतं, कारण हे ज्या दिवशी गाडी घेतली त्या दिवशी ठेकेदाराच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं. बोल्ट घट्ट होते. मी उताणी पडले होते, डोळ्यांत मुरुमाची माती पडत होती, वरून सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता, आणि माझ्या नाकासमोर तो तुटलेला क्रॉस लोंबत होता. एक बाजू पाव मोडावा तशी मोडली होती. मी आयुष्यात कुणाला शिव्या देत नाही. त्या दिवशी त्या गाडीखाली मी माझ्या भासऱ्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या सावलीच्या बाजारातही कमी ऐकू येतात. त्या दोघांपैकी एकाने शाफ्ट धरून ठेवला होता. त्याने सगळं ऐकलं आणि मान दुसरीकडे वळवली.

शाफ्ट निघाला. गाडी पुढच्या चाकांवर निघाली, ओढत, स्टिअरिंग जड करत. पुढच्या शाफ्टचे क्रॉस जुनेच होते, गाडीबरोबर आलेले. ते कधी बदलायची वेळच आली नव्हती. ते टिकले. मोटारसायकलवाले आलापल्लीपर्यंत आमच्या मागे मागे आले.

वाटेत सासूबाईंनी विचारलं, "काय तुटलं?"

"क्रॉस."

"मोठ्याच्या दुकानचा?"

"हो."



आलापल्लीला त्यांना इंजेक्शन दिलं, एक्स-रे काढला, आणि ॲम्ब्युलन्सने गडचिरोलीला पाठवलं. नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. मी ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्याजवळ बसले. गडचिरोलीत दवाखान्याच्या दारात नवरा आणि भासरे उभे होते. स्ट्रेचर आत गेलं. भासरे माझ्याकडे वळले. आई कशी आहे, हे ते विचारतील असं मला वाटलं.

"किती स्पीडनं होत्या?" त्यांनी विचारलं.

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "नाही, म्हणजे, रस्ता खराब असतो तिकडे. थोडी जास्त पळवलीस का?"

माझ्या केसांत माती होती. हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे होते. ज्या गाडीतून मी एकटी, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, कडेकडेने जाते, तिच्या वेगाचा हिशेब मला दोन पुरुष विचारत होते, ज्यांतला एक गाडी चालवत नाही आणि दुसऱ्याने तिच्यात खोटं लोखंड घातलं होतं. मी म्हटलं, "तुमचा क्रॉस तुटला भाऊ." ते म्हणाले, "ते आता कसं सांगता येईन? धक्का बसला असन, त्याच्यानं बी तुटते." आणि ते आत गेले. मीही मागोमाग गेले आणि सासूबाईंकडे अपेक्षेने बघितलं. त्या शुद्धीवर होत्या, त्यांनी सगळं बघितलं होतं, गाडी किती हळू होती हे त्यांना माहीत होतं. मोठ्या मुलाने त्यांचा हात धरला आणि विचारलं, "आई, कसं झालं?" त्या म्हणाल्या, "मले काही समजलं नाई बापा."

तो राग वेगळा होता. तो कुणाला दाखवताही येत नव्हता. मोडलेल्या पायाच्या म्हातारीवर कसं रागवायचं?

पुढचे दिवस घरात सगळे माझ्याशी जपून बोलत होते, आजाऱ्याशी बोलतात तसं. भेटायला येणारे नातेवाईक सासूबाईंजवळ बसायचे, मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "बाईमानसानं जंगलात गाडी न्याची म्हणजे जोखीमच." मी चहा द्यायचे. तुटलेला क्रॉस मी एका फडक्यात गुंडाळून माझ्या औषधांच्या पेटीत ठेवला होता. रोज सकाळी पेटी उघडली की तो दिसायचा.

एक दिवस पेटीतून खुरं घासायची कानस काढत होते. बैलांची, गाईंची वाढलेली खुरं मी तिने घासते. कानशीचं टोक सहज त्या क्रॉसला लागलं आणि त्यातून बारीक भुकटी निघाली. मी थांबले. परत घासलं. परत भुकटी. खिळा घासावा तसा तो घासला जात होता. मी मिस्त्रीकडे गेले, त्याच्याकडे पडलेला एक जुना, झिजलेला कंपनीचा क्रॉस मागून घेतला आणि त्यावर तीच कानस चालवली. कानस घसरली. काचेवरून घसरावी तशी. ओरखडासुद्धा उमटला नाही. पोलाद भट्टीत घालून कडक केलेलं असतं तेव्हा कानस त्याला चावत नाही. माझ्या गाडीत जो तुकडा होता, त्याला कुणी कडक केलंच नव्हतं. त्याला फक्त चकाकी दिली होती.

मी तशीच दुकानात गेले. दुपार होती, काउंटरवर दोन जीपवाले उभे होते, आलापल्लीच्या बाजूला सवारी मारणारे. दोघेही मला ओळखत होते, त्यांनी जयभीम घातला. भासरे म्हणाले, "या डॉक्टरीणबाई, चहा सांगू?"

मी फडकं काउंटरवर उघडलं. दोन्ही क्रॉस ठेवले. आधी जुन्यावर कानस फिरवली. मग त्यांच्या दुकानातल्यावर. काउंटरच्या काचेवर राखाडी भुकटी पडली.

"हे काय करून राह्यल्या?" भासरे म्हणाले.

"नवा खोका काढा, भाऊ. त्यावर पण करून दाखवते."

"इथी गिऱ्हाईक उभे आहेत."

"म्हणूनच म्हणते."

त्यांनी काढला नाही. एका जीपवाल्याने मात्र आपल्या हातातला, नुकताच घेतलेला खोका उघडला आणि आतला क्रॉस माझ्यापुढे ठेवला. खोक्यावरही रंग बदलणारी चकती होती. मी कानस लावली. भुकटी निघाली. जीपवाल्याने क्रॉस उचलला, परत खोक्यात ठेवला आणि खोका काउंटरवर ठेवून दिला.

भासऱ्यांचा चेहरा तेव्हा पडला. मला वाटलं, आता तरी म्हणतील की चुकलं. ते म्हणाले, "साऱ्या जिल्ह्यात हाच माल चालते. लोकायले स्वस्त पाह्यजे. ओरिजिनल ठेवला तर कोनी हात लावत नाई. मी काय करू, दुकान बंद करू?"

"स्वस्त आहे म्हणून सांगून विका ना," मी म्हटलं. "लोकल आहे म्हणा. माणूस घेईल, नाहीतर नाही घेणार. जपून चालवेल. तुम्ही तर कंपनीच्या खोक्यात घालून देता. मला काय म्हणाला होता? घरच्याला खोटं देईन का?"

"सूनबाई आहात म्हणून ऐकून घेऊन राह्यलो."

"माझी सासू पण तुमची आई आहे," मी म्हटलं, आणि कानस पिशवीत टाकून बाहेर आले. दुकानाबाहेरच्या पायरीवरच बसले.

संध्याकाळी नवरा घरी आला तो भावाकडून सगळं ऐकूनच. त्याने बूटही काढले नाहीत.

"दुकानात जायची काय गरज होती? घरात बोलता आलं असतं."

"घरात बोलले असते तर त्या जीपवाल्याला कसं कळलं असतं?"

"तो आपला प्रश्न नाही."

"त्याच्या गाडीत दहा-बारा माणसं बसतात. टपावरही बसतात. मग कोणाचा प्रश्न आहे?"

तो म्हणाला की मी भावाची इज्जत घालवली आणि आता माफी मागावी. मी मागितली नाही. कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलत होता. मीही तेवढंच बोलत होते. माझी चूक शोधून त्याला काही मिळालं नसावं, कारण माफीचा विषय त्याने हळूहळू बंद केला. पण तू बरोबर होतीस, असंही तो आजवर म्हणालेला नाही.

मी नागपूरहून अस्सल क्रॉस मागवला. जुन्या गाडीचा म्हणून तो यायला फार वेळ लागला. तोवर आलापल्लीहून ओढून आणलेली गाडी अंगणात विटांवर उभी. त्याच काळात आतल्या त्याच गावातून निरोप आला की शेळ्या हगवणीने पटापट मरत आहेत. मी एसटीने जिथवर जाता येतं तिथवर गेले, पुढे एकाच्या सायकलवर, मग चालत, नाल्यातून लसीचा डबा डोक्यावर धरून. पोचले तेव्हा एका बाईच्या अंगणात रिकामी दावी पडली होती. तिच्या सगळ्या शेळ्या गेल्या होत्या. तिने मला पाणी दिलं. मी उरलेल्यांच्या घरी लस टोचत फिरले आणि सारा वेळ डोक्यात एकच होतं, की या अंगणातही त्या दुकानाचा माल येऊन पोचला.

सासूबाईंचं प्लास्टर निघालं, पण पाय सरळ जुळला नाही. त्या काठी घेऊन चालायला लागल्या. भासरे अधूनमधून फळं घेऊन यायचे, मी आतल्या खोलीत जायचे. एकदा मी तिथेच होते, सासूबाईंच्या पायाला तेल लावत. ते येऊन खुर्चीवर बसले. नेहमीचं बोलणं झालं. सासूबाईंनी मध्येच विचारलं, "मोठ्या, तुले मालूम होतं का, तो माल कच्चा आहे?"

भासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तेल लावत राहिले.

"आई, साराच माल तसा येते."

"मालूम होतं का?"

"मले काय मालूम तू त्या गाडीत बसते म्हणून?" ते म्हणाले. त्यांना वाटलं हे उत्तर पुरेसं आहे.

सासूबाई म्हणाल्या, "मंग कोन बसते, असं वाटलं तुले?"

भासरे काहीतरी काम आठवल्यासारखे उठले आणि गेले. माझ्या हातात सासूबाईंचा तो वाकडा पाय होता. मला वाटलं आता त्या माझ्या बाजूने काही म्हणतील. त्या म्हणाल्या, "तू बी त्याले लोकायपुढं नव्हतं बोलाले पाह्यजे."

"मी परत बोलेन, आई."

"बोलशील, मालूम आहे मले," त्या म्हणाल्या आणि पाय थोडा पुढे सरकवला, तेल घोट्यापर्यंत लागावं म्हणून.

यंदा धम्मचक्र दिनाला सगळे आमच्याकडे जमले. वंदना झाली, पंगत बसली. भासरे माझ्या समोरच्या ओळीत होते. खीर वाढून झाली तेव्हा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डॉक्टरीणबाई, जुनं ते विसरून जाऊ आता. आपन घरचेच."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्यानेही. हो म्हणणं फार सोपं होतं, एक शब्द होता, आणि मग सगळे हसत जेवले असते.

"माल बदलला का, भाऊ?" मी विचारलं.

"मार्केटमधी तोच येते," ते म्हणाले.

"मग विसरायचं काय?" मी म्हटलं, आणि पुढच्या ताटात भात वाढायला गेले.